दाजींना कोणी ओलांडलं नव्हतं

आमच्या धावण्याच्या क्लबात दाजी सगळ्यांचेच दाजी होते. खरं तर ते एकट्या ढब्बूचे दाजी, त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पण ढब्बू पहिल्यांदा आमच्याबरोबर टेकडीवर आला तेव्हा पहिल्याच वळणावर कमरेवर हात ठेवून "दाजी, जरा दमानं हो" असं त्यानं इतक्या काकुळतीला येऊन म्हटलं, की त्या सकाळपासून क्लबात त्यांना दुसऱ्या नावानं कोणी हाक मारली नाही.

दाजी एका विमा कंपनीत दावे तपासायचे. कुणाच्या दुकानाला आग लागली, कुणाच्या छतातून पाणी गळलं, कुणाच्या गाडीला कोणी ठोकलं, की दाजी पिशवीत टॉर्च, टेप आणि भिंग घालून हजर. काच आतून फुटली की बाहेरून, भिंतीवरची ओल जुनी की कालची, आधी पडदा पेटला की वायर, हे ते बघायचे. जळक्या कापडाचा वास घ्यायचे. आयुष्यभर हेच केल्यामुळे समोरचा काहीतरी दडवतोय असं धरूनच ते बोलायला सुरुवात करत. त्यांची बायको म्हणायची, या माणसाला शुभेच्छापत्र दिलं तरी आधी उलटून बघेल, मागे काही लपवलंय का.

धावण्याच्या बाबतीत मात्र दाजींना नावं ठेवायला जागा नव्हती. पन्नाशी उलटली तरी पोटाचा पत्ता नाही. चढावर छोटी छोटी पावलं, नजर दोन हात पुढे, हात कोपरात दुमडलेले. एकदा लय लागली की टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत मोडायची नाही. उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख कायम काळं. पहाटे उजाडता उजाडता ते घराबाहेर पडत. आठवड्यातून एकदा लांबचा रस्ता, एकदा टेकडीचे फेरे, बाकी दिवस जमेल तसं. कामावर जाण्याआधी आंघोळ, दोन अंडी, पावाचा तुकडा. त्यात कधी खंड नाही.

ढब्बूला धावायला त्यांनीच लावलं. त्याचं तसबिरींना चौकटी करून द्यायचं दुकान होतं. दिवसभर एका जागी उभं राहून लाकडाच्या पट्ट्या तिरक्या कापायच्या, कोपरे जुळवायचे, काच कापायची. बोटांना कायम चिकटपट्ट्या, आणि पट्टा लागणार नाही असं पोट. डॉक्टरांनी त्याला दम दिला तेव्हा ताईनं, म्हणजे त्याच्या बहिणीनं, नवऱ्याला सांगितलं की याला तुमच्याबरोबर घेऊन जा. दाजींनी नेलं. बूट कसे बांधायचे, उतारावर टाच कशी टेकवायची नाही, श्वास कुठे सोडायचा, सगळं शिकवलं. दोन वर्षांत ढब्बूचं पोट आत गेलं. नाव मात्र तेच राहिलं. चढावर तो दाजींच्या मागेच असायचा. पण उतारावर त्याची भीड चेपली होती; दगड आला, मूळ आलं, तरी तो पाय आखडायचा नाही. आम्हाला ते दिसत होतं. दाजींना बहुधा दिसत नव्हतं, कारण ते कायम पुढे असायचे.

आमची वार्षिक शर्यत मैदानातून निघते, बाजाराच्या रस्त्यानं जाते, गिरणीच्या मागचा चढाचा डांबरी रस्ता घेते आणि मग टेकडीवर चढते. माथ्यावर पाण्याची टाकी आहे. टाकीला वळसा घालून पलीकडच्या झाडीतून नागमोडी पायवाटेनं उतरायचं आणि फाटकातून परत रस्त्याला लागायचं. टाकीतून निघालेला जाड लोखंडी पाइप मात्र सरळ खाली येतो, पायवाटेला मध्ये मध्ये छेद देत. त्या पाइपाच्या कडेनं कोणी घसरत उतरलं तर निम्मी वळणं वाचतात. ते नियमात बसत नाही, पण दाट झाडीत कोण बघायला जातंय?

त्या वर्षी ढगाळ हवा होती. टाकीपाशी दाजी पुढे होते आणि ढब्बू बराच मागे. टाकीपाशी उभं केलेल्या माणसानं हे नंतर शपथेवर सांगितलं. तिथून दाजी झाडीत उतरले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ते नेहमीसारखे उतरले, फाटकातून बाहेर पडले, रस्त्यावर जोर लावला आणि मैदानात शिरले. आणि तिथे ढब्बू केळं सोलत उभा. त्याच्या गळ्यात चाळिशीपुढच्या गटातलं तिसऱ्या क्रमांकाचं पदक.

दाजींना बघून तो धावत आला. "आलात? आता बरं वाटतंय ना?" असं त्यानं विचारलं. दाजींच्या अंगाचा तिळपापड झाला. हरलेल्या माणसाला असं विचारणं म्हणजे जखमेवर मीठ. त्यांनी पाठ फिरवली. फळ्यावर लावलेली स्वतःची वेळ वाचली आणि आयोजकांना सांगून आले की तुमचं घड्याळ बिघडलंय, मी एवढा हळू कधीच धावलो नाही.

मग ते ढब्बूच्या पायांकडे बघायला लागले. ढब्बूच्या मोज्यांवर कुसळं चिकटली होती, चपटी आणि पिवळट. पायवाट पायाखालची, चोपलेली. तिथे कुसळं नाहीत. ती उगवतात पाइपाच्या कडेला. दाजींनी एक कुसळ काढून बोटांत फिरवलं आणि रुमालात बांधून ठेवलं. स्वतःच्या मोज्यांकडे बघायचं त्यांना सुचलं नाही.

"मला कोणी ओलांडलंच नाही," ते घरी जाऊन बायकोला म्हणाले. "मग तो माझ्या पुढे गेला कसा?"

तिनं विचार केला आणि म्हणाली की तुम्ही उतारावर खाली बघून पळत असाल, लक्ष गेलं नसेल. दाजी म्हणाले, त्या वाटेवर दोन माणसं एकमेकांना धक्का लावल्याशिवाय जाऊ शकत नाहीत. हे खरं होतं.

दुसऱ्या दिवशी ढब्बू घरी आला. ताई स्वयंपाकघरात होती. हा दाजींच्या अगदी जवळ सरकून बसला आणि खालच्या आवाजात म्हणाला की एकदा डॉक्टरकडे जाऊन तपासून घ्या, मी येतो बरोबर. दाजींनी विचारलं, मला काय धाड भरलीय? ढब्बूनं स्वयंपाकघराकडे नजर टाकली, मान खाली घातली आणि म्हणाला, "बरं, राहिलं." पण त्यानंतर तो रोज पहाटे त्यांच्या दारात यायला लागला. एकट्यानं टेकडीवर जाऊ नका, मी येतो. दाजींना त्यातही पाणी मुरताना दिसलं. आधी लबाडीनं पुढे जायचं, मग म्हातारा म्हणून डॉक्टरकडे धाडायचं, आणि आता आपण कसे पळतो यावर पाळत ठेवायची. त्यांनी घरातून निघायची वेळ बदलली आणि मागच्या दारानं बाहेर पडायला लागले.

शेवटी त्यांनी क्लबाच्या समितीकडे तक्रार केली. समिती म्हणजे चार माणसं आणि औषधाच्या दुकानावरची एक खोली. अध्यक्ष शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे सर, भांडणं नकोशी असलेले. आम्ही बरेच जण त्या दिवशी भिंतीला पाठ लावून उभे होतो.

सरांनी ढब्बूला विचारलं की तू पायवाटेनंच उतरलास का. तो हो म्हणाला. मग दाजींना ओलांडलंस का? ढब्बूनं दाजींकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिला, जणू त्यांनीच काही बोलावं अशी वाट बघत होता. मग म्हणाला, "हो. झाडीत."

"मी काय आंधळा आहे?" दाजी म्हणाले. त्यांनी रुमाल उलगडून कुसळ टेबलावर ठेवलं आणि ते कुठे उगवतं ते सांगितलं. कुसळ फिरत फिरत सगळ्यांच्या हातातून गेलं. सरांनी ढब्बूला विचारलं, हे तुझ्या मोज्यावर कसं आलं?

ढब्बूचा चेहरा उतरला. तो उठला, खिशातून पदक काढलं आणि टेबलावर ठेवलं. "दाजी म्हणतात ना मी ओलांडलं नाही, मग नसेल ओलांडलं," एवढंच बोलून तो जिना उतरून गेला.

झालं. जो असं बोलून उठून जातो त्याच्याबद्दल लोक काय समजायचं ते समजतात. सरांनी पायवाटेच्या मधल्या वळणावर पाणी वाटायला बसलेल्या बाईंना फोन करून ढब्बूचा आकडा तिथून गेला का एवढंच विचारलं होतं. त्या म्हणाल्या की मी छातीवरचे आकडे बघत नाही, माणसं बघते, आणि सगळी माणसं माझ्यासमोरूनच गेली. यातून धड काही निघेना. समितीनं पदक कपाटात ठेवलं आणि ढब्बूच्या नावापुढे एक फुली मारली. त्यानं क्लबात येणं सोडलं. पळणंही सोडलं, असं कानावर आलं. कोणी म्हणे, चोराच्या मनात चांदणं. कोणी म्हणे, दाजींना मेहुण्याचं पुढे जाणं बघवलं नाही. सकाळी पाय ताणत उभे असताना आम्ही दुसऱ्याच गोष्टी बोलायचो आणि दाजी आले की त्याही थांबायच्या.

सगळ्यात जास्त ओढाताण ताईची झाली. सुट्टीच्या दिवशी भाऊ जेवायला यायचा, तो बंद झाला. नवरा त्याचं नाव काढू देईना. भावाला फोन केला तर तो इकडचं तिकडचं बोलायचा आणि मध्येच विचारायचा, दाजी नीट आहेत ना, काही वेगळं वाटत नाही ना? तिला वाटायचं, हे दोघं मिळून काहीतरी लपवतायत आणि भांडण हे नुसतं वरवरचं आहे. ती दोघांनाही खोदून विचारायची. दोघंही तिला उडवून लावायचे.

याच काळात दाजींचा संशय घरात आणि कचेरीत पसरत गेला. शेजारच्या टेबलावरचा माणूस आपल्या फायली हलवतो अशी त्यांची खात्री पटली; हातात एक फाइल असायची आणि क्षणात टेबलावर दुसरीच उघडी दिसायची. त्यांनी खणाला कुलूप लावलं. एकदा किटलीतलं सगळं पाणी आटून बूड काळं पडलं. दाजींनी बायकोला विचारलं की गॅस चालू ठेवून गेलीस कुठे. ती म्हणाली की गॅस तुम्हीच लावला, आणि तुम्ही तिथेच उभे होता किटलीकडे बघत, मी दोनदा हाक मारली. दाजींना वाटलं, भावाची बाजू घेऊन ही आता आपल्यालाच वेड्यात काढतेय. एका सकाळी ते लांबच्या रस्त्यावर पळत होते. पूल अजून यायचा होता आणि एकदम पूल मागे पडलेला दिसला. एक दुधाची गाडी करकचून ब्रेक लावून त्यांच्या बाजूला उभी होती आणि ड्रायव्हर खिडकीतून तोंडाला येईल ते बोलत होता, की रस्त्याच्या मधोमध पळताय, हॉर्न ऐकू येत नाही का. दाजींनी गाडीचा नंबर लक्षात ठेवला, तक्रार करायला. ते स्वतः रस्त्याच्या मधोमध कसे आले, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही. जगातल्या प्रत्येक माणसावर त्यांना संशय होता. एकच माणूस त्यातून सुटला होता.

पुढच्या शर्यतीची तयारी सुरू झाली तेव्हा चित्रकलेच्या सरांनी सुचवलं की पुरावा काही नाही, तर ढब्बूचं पदक त्याला परत देऊ आणि विषय संपवू. दाजींना ते सहन झालं नाही. पुरावा नाही म्हणजे? तुम्ही नुसता फोन केलात. फोनवर माणूस काहीही बोलतो, तोंड बघून विचारावं लागतं. मी स्वतः जाऊन त्या पाणी वाटणाऱ्या बाईंचा जबाब घेतो.

बाईंची टेकडीच्या पायथ्याला लाँड्री होती. शर्यतीच्या दिवशी त्या हौसेनं टेबल मांडून बसत, एरवी क्लबाशी संबंध नव्हता. दाजी गेले तेव्हा त्या चादरींच्या घड्या घालत होत्या. खोलीत वाफ आणि साबणाचा वास. दाजींनी नमस्कार केला आणि आपलं काम सांगायला तोंड उघडलं, तोच बाईंनी हातातली चादर खाली ठेवली.

"अहो, तुम्ही होय. आता बरे आहात ना?"

दाजी चमकले. तुम्ही मला ओळखता? त्यांनी विचारलं.

"न ओळखायला काय झालं? मला तर किती दिवस रुखरुख लागून होती, त्या माणसाचं पुढे काय झालं असेल म्हणून."

दाजींच्या मनात पहिला विचार आला तो असा, की ढब्बूनं या बाईला पढवून ठेवलंय. त्यांनी पेशाला शोभेल अशा आवाजात विचारलं की त्या दिवशी तुम्ही नेमकं काय पाहिलं ते सुरुवातीपासून सांगा. बाईंनी सांगितलं.

दाजी वरून एकटेच आले. टेबलापाशी थांबले. पाण्याचा पेला हातात घेतला आणि तसेच उभे राहिले. ओठ चाटल्यासारखे हलत होते, शर्टाच्या बटणाशी बोटं चाळा करत होती. बाईंनी विचारलं काय होतंय, तर उत्तर नाही. नजर त्यांच्या आरपार. त्या घाबरल्या. तेवढ्यात मागून एक गोल चेहऱ्याचा माणूस धडाधड उतरत आला, त्यानं दाजींना बघितलं आणि जागच्या जागी थांबला. दोघांनी मिळून त्यांना धरून कडेच्या पाइपावर बसवलं.

"त्यानं तुमचे हात चोळले, तोंडावर पाणी मारलं. बाहेरगावची चार पोरं पुढे निघून गेली, त्यानं वळूनही बघितलं नाही. मग तुम्ही बोलायला लागलात. मला विचारलंत, ही जागा कोणती? मी सांगितलं. परत विचारलंत. परत सांगितलं. मग हळूहळू तुमचा चेहरा जाग्यावर आला. त्याला म्हणालात, तू हो पुढे. तो जाईना. तर त्याच्यावर ओरडलात."

"मी ओरडलो?"

"चांगलेच. ताईला यातलं काही सांगितलंस तर याद राख, ती माझं धावणं बंद करेल, असं म्हणालात. त्याच्याकडून शब्द घेतलात. मग तो गेला बिचारा, पण वळून वळून बघत. तुम्ही अजून थोडे बसलात आणि उठून असे पळालात की जसं काही झालंच नाही. मी फाटकावरच्या माणसाला फोन करून विचारलंही, तो म्हणाला गेले की व्यवस्थित."

दाजींनी बाईंना वळणावर नेऊन जागा दाखवायला लावली. बाई हातातलं काम टाकून गेल्या. तिथे पाइप पायवाटेला छेदत होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळट कुसळांचं रान माजलं होतं. दाजींनी ती जागा बारकाईनं बघितली. नेहमीच्या सवयीनं त्यांनी बाईंच्या जबाबात फट शोधली. खोटं बोलून हिला काय मिळणार? काही नाही. तपशील कसा आहे? साक्षीदार पढवलेला असला की फार नीट बोलतो, हिचं तसं नव्हतं. मग त्यांनी स्वतःचा जबाब घेतला. टाकी आठवते? आठवते. फाटक आठवतं? आठवतं. आणि मधलं हे वळण? रोजच्या सरावात शेकडो वेळा पाहिलेलं आठवत होतं. त्या दिवशीचं आठवत नव्हतं.

आपण इतक्या लोकांना तोंडावर खोटं ठरवलं, पण खोटा साक्षीदार आपल्याच डोक्यात बसलाय, हे त्यांना तिथे कळलं. किटली आठवली, पूल आठवला, दुधाची गाडी आठवली. मग बाकी सगळ्यावरून मन हटून ते एकाच गोष्टीवर आलं. ढब्बू समितीसमोर आपल्याकडे तेवढा वेळ का बघत होता?

तिथून ते थेट दुकानात गेले. ढब्बू काच कापत होता. कटरचं चाक कर्रकन फिरलं, त्यानं मान वर केली आणि दाजींना बघून पुन्हा काचेकडे बघायला लागला. पोट पूर्वीसारखं सुटलं होतं. त्यानं बसा म्हटलं नाही. दाजी पट्ट्यांच्या ढिगाऱ्यापाशी उभेच राहिले आणि म्हणाले की मी लाँड्रीवाल्या बाईंकडून आलोय.

ढब्बूनं काच बाजूला ठेवली. "मग? आता त्यांनाही खोटं पाडलंत?"

"तू समितीत बोलला का नाहीस?"

"तुम्ही शब्द घेतला होता. आणि काय बोलणार होतो? तुम्ही माझ्या तोंडावर म्हणत होता की झालंच नाही. मला वाटलं, ताईला कळू नये म्हणून तुम्ही मला बळी देताय. आजार लपवायचा तर लपवा, पण त्यासाठी घरच्या माणसाला चोर ठरवायचं? मनात म्हटलं, एवढा नीच माणूस माझ्या बहिणीच्या पदरात पडलाय."

दाजींनी टेबलाची कड धरली होती.

ढब्बू त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. मग त्याचा आवाज बदलला. "दाजी, तुम्हाला आठवत नाहीये?"

"नाही," दाजी म्हणाले. "काहीच नाही. मला खरंच कोणी ओलांडलं नव्हतं रे."

ढब्बूनं पुढे होऊन त्यांना स्टुलावर बसवलं. ताईला मग त्याच संध्याकाळी दोघांनी मिळून सांगितलं. ती रडली नाही. आधी भावाला बोलली, की शब्दाला एवढा जागलास आणि हा माणूस रस्त्यावर मेला असता तर? मग नवऱ्याकडे वळली आणि म्हणाली की धावणं बंद करेन अशी भीती वाटत होती ना, आता बघाच. ती तीन दिवस दाजींशी बोलली नाही, पण त्या तीन दिवसांत डॉक्टरची वेळ तिनंच घेतली.

डॉक्टरीणबाईंनी डोक्याला तारा लावून तपासलं आणि सांगितलं की हे मेंदूतले छोटे झटके आहेत. माणूस पडत नाही, हातपाय झाडत नाही. उभा असतो, कधी बोलतोही, पण तेवढा वेळ त्याच्या आठवणीत उमटत नाही. आणि मेंदू मोठा हुशार, तो दोन टोकं जोडून टाकतो, मध्ये काही गेलंय हे मालकाला कळूही देत नाही. गोळ्यांनी आटोक्यात येतं. सध्या गाडी चालवायची नाही, एकट्यानं टेकडीवर जायचं नाही. दाजींनी विचारलं, मग मला जे जे आठवतंय ते खरं कशावरून? त्या हसल्या आणि म्हणाल्या, घरच्यांना विचारत जा. विम्याच्या माणसाला हे उत्तर फारसं पटलं नाही, पण दुसरं नव्हतं.

औषधाच्या दुकानावरच्या खोलीत दाजी पुन्हा एकदा उभे राहिले. आम्ही पुन्हा भिंतीला पाठ लावून. त्यांनी काही आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. कुसळ खरं होतं, माझा निष्कर्ष चुकला, म्हणाले. सरांनी ढब्बूच्या नावापुढची फुली खोडली. तो यायला तयार नव्हता, म्हणून दाजी स्वतः पदक घेऊन दुकानात गेले. त्यानं ते घेतलं आणि खिळे ठेवायच्या डब्यात टाकलं. चिडून टाकलं की सहज, ते दाजींना कळलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही.

सगळं पूर्ववत झालं असं म्हणता येणार नाही. ढब्बू सुट्टीच्या दिवशी जेवायला यायला लागला, पण पहिले काही आठवडे तो ताईशीच बोलायचा. क्लबात तो परत यायला पुढचं वर्ष उजाडावं लागलं. आम्ही त्याच्याबद्दल जे बोललो होतो ते त्याच्या कानावर गेलेलं होतंच. आजही तो शर्यतीत नाव घालत नाही. म्हणतो, पुन्हा मोजे कोण तपासून घेणार?

घरी आता दाजीच संशयित झाले. चहाचा कप हातात धरून ते खिडकीबाहेर बघत राहिले तर ताई हळूच म्हणते, "काय बघताय?" ते म्हणतात, झाड. ती विचारते, कुठलं? सपाट रस्त्यावर पळायला गेले की ती सायकलवरून मागे असते, आणि आपण आपली व्यायाम म्हणून येतो असं सांगते. दाजींना यातलं एक अक्षर पटत नाही, पण ते गप्प बसतात.

टेकडीवर ढब्बू जातो त्यांच्याबरोबर. तो मागे राहतो आणि थोड्या थोड्या वेळानं काहीतरी विचारतो. आज वार कोणता, सकाळी काय खाल्लं, काल कुणाकडे तपासणीला गेला होतात. दाजी धापा टाकत उत्तरं देतात. आम्हाला खालच्या वळणावर ती प्रश्नोत्तरं ऐकू येतात आणि गंमत वाटते. एका सकाळी दाजींना दुर्बुद्धी सुचली. ढब्बूनं विचारलं, "दाजी, मी कोण?" तर दाजी थांबले, वळले, त्याच्याकडे कोऱ्या नजरेनं बघत म्हणाले, "तुम्ही कोण?"

ढब्बूचा चेहरा पांढरा पडला. त्यानं झेप घेऊन त्यांचे दोन्ही दंड धरले, दगडावर बसवलं आणि ताईचं नाव घेत खिशातला फोन चाचपडायला लागला. फोन हातातून निसटून पाचोळ्यात पडला. दाजींना हसू फुटलं. ढब्बू हसला नाही. त्यानं फोन उचलला, पुसला आणि वर पळत सुटला.

दाजींनी त्याला पुढच्या वळणावर गाठलं. तो वाकून बुटाची नाडी बांधत होता, आणि नाडी आधीच घट्ट बांधलेली होती. दाजी म्हणाले, चुकलं माझं. ढब्बूनं मान हलवली, त्यांना पुढे जाऊ दिलं आणि पुन्हा त्यांच्या मागून पळायला लागला. थोडा चढ गेल्यावर त्यानं विचारलं, "वार कोणता?"

दाजींनी लगेच सांगितला, आणि न विचारता तारीखही.